अनुकूलातलं ‘कूल’

पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून माझी दोन नातवंडं मे महिन्यात नांदेडला उतरली. पायातल्या चपला काढायच्या आधीच नातीनं विचारलं, “आबा, कूल म्हणजे थंड ना?”

“इंग्रजीत, हो.”

“मराठीतपण. आमच्या बसवर लिहिलं होतं, वातानुकूलित. वात म्हणजे हवा. मधलं ‘नु’ कशाला ते कळलं नाही. आणि कूल म्हणजे थंड. थंड हवेची बस.”

लेकरानं शब्द फोडून बघितला होता. शब्द फोडून बघणारं लेकरू मला फार आवडतं, मग हाती चुकीचा तुकडा का येईना.

“पण मग विज्ञानाच्या पुस्तकातलं अनुकूलन?” तिचं चालूच. ती आता सातवीत जाणार होती आणि शेजारच्या ताईचं पुस्तक तिनं आधीच चाळलं होतं. त्यातल्या पहिल्याच धड्याच्या नावात हा शब्द आहे. “त्यात उंट आहे, निवडुंग आहे. वाळवंटात कोण कूल होतं?”

तिचा धाकटा भाऊ तोवर ओसरीच्या शहाबादी फरशीवर पालथा पडला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि अंगणात उघड्या पायानं उभं राहवत नव्हतं. “मला इथलं काही ॲडजस्ट होत नाही,” असं तो फरशीलाच सांगत होता.

एकीला शब्दाचा अर्थ हवा होता आणि दुसऱ्याच्या तो अंगात उतरायला हवा होता. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण असे दोन विद्यार्थी एकदम क्वचितच मिळाले. सुट्टीही लांब होती.

ऊन कलल्यावर दोघांना घेऊन गोवर्धन घाटावर गेलो. उन्हाळ्यातली गोदावरी सुस्त असते. वर विष्णुपुरीला धरण आहे, त्यामुळे पाणी वाहतंय की थांबलंय ते पटकन कळत नाही. पायरीवर टेकलो आणि मी ती पायरी तळहातानं थोपटली.

“हे बघा कूल.”

“कुठंय?”

“आपण बसलोय ते. कूल म्हणजे काठ. नदीचा काठ, तिचा उतार. आणि अनु म्हणजे मागोमाग, बाजूबाजूनं. अनुयायी म्हणतो ना, मागून जाणारा? तसं अनुकूल म्हणजे काठाकाठानं, पाणी ज्या कलानं वाहतं त्या कलानं जाणारं. त्याच्या उलटं ते प्रतिकूल. तुमच्या बसमध्ये हवेला तुमच्या कलानं वाहायला लावलं होतं, म्हणून ती वातानुकूलित. इथं हवा कुणाचं ऐकत नाही. आता तुम्हाला तिच्या कलानं जायचंय.”

नातवानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की हे त्याला अजिबात मान्य नव्हतं.

मग मी त्यांना माझ्या लहानपणीचा नावाडी सांगितला. पावसाळ्यात गोदावरी तांबूस होऊन धावायची. पलीकडच्या गावी जायचं तर नावाडी सरळ पाण्यात नाव घालायचा नाही. आधी काठाकाठानं ती बरीच वर ओढत न्यायचा आणि मग प्रवाहात सोडायचा. पाणी नावेला तिरपं खाली न्यायचं आणि नाव बरोबर समोरच्या घाटाला लागायची. काठाशी पाणी जमिनीला घासत जातं म्हणून त्याचा वेग कमी असतो. मधल्या धारेत तो सगळ्यात जास्त. त्यामुळे पाण्याच्या उलट जायचं तर काठ धरायचा आणि बरोबर जायचं तर मधली धार. त्या माणसानं शाळा पाहिली नव्हती, पण अनुकूल आणि प्रतिकूल हे दोन्ही शब्द त्याच्या हाताला ठाऊक होते.

शब्द फार जुना आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीनं संस्कृतचं व्याकरण बांधलं. त्याच्या चौथ्या अध्यायातल्या एका छोट्या सूत्रात ‘अनु’ आणि ‘प्रति’ मागे लागणारे तीन शब्द शेजारीशेजारी बसवलेत: पाणी, केस आणि काठ. पाण्याच्या बरोबर नि पाण्याच्या उलट, केसांच्या कलानं नि केसांच्या विरुद्ध, काठाच्या बाजूनं नि काठाच्या उलट. मला ते सूत्र वाचताना नेहमी वाटतं की या व्याकरणकारानं नदीवर गुरं पाणी पिताना पाहिली असणार. तीनही गोष्टी तिथं एका नजरेत येतात.

आणि नांदेड म्हणजे तरी काय? लोक म्हणतात नंदीनं इथं तप केलं, म्हणून नंदीतट. वाकाटकांचा राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात या गावाचं नाव ‘नांदीकड’ असं आलंय. ते चौथ्या शतकातलं आहे. त्यातला ‘कड’ ऐकला की मला काठच आठवतो. नात म्हणाली, “मग नांदेड मुळातच काठावर आहे.” म्हटलं, आहेच.

जाता जाता तिला आणखी एक सांगितलं, कारण तिचे डोळे चमकायला लागले होते. नव्या हवेला सरावण्याला इंग्रजीत ॲक्लिमटायझेशन म्हणतात. त्याच्या पोटात ‘क्लायमेट’ आहे, आणि क्लायमेटच्या पोटात ग्रीकांचा ‘क्लिमा’. क्लिमा म्हणजे उतार, कल. सूर्याचे किरण कुठं किती तिरपे पडतात त्यावरून ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले होते. हे दोन शब्द एकमेकांचे नातलग आहेत असं मी म्हणत नाही. पण गंगथडीच्या आणि समुद्रापलीकडच्या, अशा दोन्ही माणसांना बदलाशी जमवून घेण्याबद्दल बोलताना उतारच सुचला, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाकडं गेलो. आमचं गाव कंधारच्या बाजूला, मन्याड नदीच्या खोऱ्यात. तिथून लातूर जिल्ह्याची हद्द लांब नाही. नातवासाठी मी एक नियम केला: सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, आणि रोज थोडं थोडं जास्त. मधला वेळ ओसरीत, ताक, कांदा आणि रांजणातलं पाणी. पहिल्या दिवशीच त्याला दुपारी रानात पळवलं असतं तर उष्मा लागला असता. उन्हाशी ओळख हळूहळूच करून घ्यावी लागते. इथं घाई जिवावर बेतते.

रांजण त्याला फार आवडला. फ्रीज नाही, बर्फ नाही, तरी पाणी गार कसं? मी त्याला रांजणाच्या पोटावर हात फिरवायला सांगितलं. “ओला आहे.” बरोबर, रांजण घाम गाळतोय. कच्च्या भाजणीच्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर पाझरतं आणि वाळतं. वाळताना ते उष्णता घेऊन जातं. तुझंही तसंच आहे. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. तुझ्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत, म्हणजे एवढ्याशा अंगात लाखो छोटे रांजण.

मग आम्ही एक प्रयोग सुरू केला. रोज सकाळी घरापासून विहिरीपर्यंत चालत जायचं, तिथं त्याची नाडी मोजायची, आणि त्यानं स्वतःच्या मनगटावरचा घाम जिभेला लावून बघायचा. नातीनं वहीत तक्ता आखला. पहिले चार दिवस तो कुरकुरला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून नाडी उतरायला लागली. आठवडा उलटल्यावर एका सकाळी तो विहिरीच्या काठावरून ओरडला, “आबा, आज खारट कमी लागतंय!”

माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकात हे शंभरदा शिकवलेलं, पण एका लेकरानं जिभेनं वाचलेलं पहिल्यांदा ऐकलं.

अंगात काय घडतं ते ऐका. उन्हात दोन-चार दिवस काढले की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. रक्त वाढलं की हृदयाला तेवढंच काम कमी ठोक्यांत भागवता येतं. घाम लवकर सुटायला लागतो, अंग फार तापायची वाट बघत नाही. घाम वाढला की मीठ जाणार, म्हणून घामाच्या नळ्या ते परत ओढून घेतात आणि घाम अळणी होत जातो. मोठ्या माणसाला हे सगळं जमायला दहा ते चौदा दिवस लागतात, मुलांना त्याहून थोडे जास्त. कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या भाषेत याला किती नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणं. अंगाला वळण लागतं. सवय मनाला लागते असं आपण म्हणतो, पण इथं अक्षरशः अंगच वळलेलं असतं.

मात्र ही कमाई जपावी लागते. गार हवेत परत गेलं की तीन-चार आठवड्यांत अंग ती विसरून जातं. आणि ती पुढच्या पिढीला देता येत नाही. नातवाच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, लहानपणी अख्खे उन्हाळे याच रानात काढले होते. त्याचा पोराला काही उपयोग झाला का? त्याला पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागली.

हीच गोष्ट त्याला बैलाजवळ नीट कळली.

आमच्या दावणीला लाल कंधारी बैलांची जोडी आहे. कंधार, मुखेड, लोहा या भागातला हा वाण गडद तांबडा असतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर-देवणीकडं गेलात की पांढऱ्यावर काळे डाग असलेली देवणी जनावरं दिसतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दोन्ही वाण एका मैदानात उभे राहतात, तेव्हा ते बघायला माणसानं एकदा तरी जावं. नातू भर दुपारी ओसरीतून बघत होता: जोडीतला सर्ज्या लिंबाखाली निवांत रवंथ करतोय, धापा नाहीत, जीभ बाहेर नाही.

“सर्ज्याला सरावायला किती दिवस लागले?”

“एकही नाही. तो जन्मतःच असा आहे.”

संध्याकाळी मी त्याला सर्ज्याच्या अंगावरून हात फिरवायला लावला. कलानं फिरवला तर रेशीम, उलट फिरवला तर जनावर कातडी थरथरवतं. पाणिनीचा दुसरा शब्द, केस, तो हाच. हे केस आखूड आणि तुकतुकीत असतात, त्यामुळे घाम पटकन वाळतो. गळ्याखाली लोंबणारी पोळी बघ. त्या सैल कातडीमुळे अंगाचा पसारा वाढतो आणि उष्णता बाहेर टाकायला जास्त जागा मिळते. घामाच्या ग्रंथी युरोपातल्या गाईंपेक्षा मोठ्या आणि संख्येनं जास्त असतात. पोटातली भट्टीही मंद जळते, म्हणजे मुळात आतून उष्णताच कमी तयार होते. म्हणूनच मे महिन्यात गोठ्यातल्या संकरित गाईला पंखा लावावा लागतो आणि तरी तिचं दूध उतरतं. सर्ज्याला लिंबाची सावली पुरते.

“हे त्यानं कसं केलं?”

“त्यानं काहीच केलं नाही. त्याच्या खानदानानं केलं. आणि खरं सांगायचं तर खानदानानंही ठरवून केलं नाही.”

इथं मी थोडा थांबलो, कारण वर्गात नेमकी इथंच चूक होते. जिराफाला उंच पानं हवी होती म्हणून त्यानं मान ताणली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या लांबत गेली, असं मुलं बेधडक लिहितात. फ्रान्समधल्या लामार्क नावाच्या मोठ्या अभ्यासकालाही १८०९ साली असंच वाटलं होतं. त्याच वर्षी इंग्लंडात चार्ल्स डार्विन जन्मला. पन्नास वर्षांनी, १८५९ साली, त्यानं पुस्तक लिहून वेगळं उत्तर दिलं. कळपात सगळी वासरं सारखी नसतात. कुणाचे केस जरा आखूड, कुणाला घाम जरा जास्त. कडक उन्हाळ्यात, चारा-पाण्याच्या टंचाईत जी टिकली त्यांनाच वासरं झाली. वासरांत तेच गुण आले. पुन्हा उन्हाळा, पुन्हा तीच चाळणी. त्यात माणसानं आपली चाळणी मिसळली. चांगला वळू कोणता, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यानं शेकडो वर्षं डोळ्यांनी निवडलंय. वशिंडाची ही गुरं सिंधूच्या पश्चिमेला, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या आसपास सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळली. तेवढ्या उन्हाळ्यांच्या चाळण्या सर्ज्याच्या अंगावर आहेत.

तुझं झालं ते अंगवळणी पडणं. सर्ज्याचं आहे ते अनुकूलन. एक पंधरा दिवसांचं, एक हजारो वर्षांचं. एक तुझ्याबरोबर संपतं, दुसरं वंशात वाहतं. दोन्हीला ‘ॲडजस्ट’ म्हणून मोकळं होऊ नको, बाळा. आपल्याकडं वेगळे शब्द आहेत, ते वापर.

नातीला मात्र ‘जुळवून घेणं’ कुठं बसवायचं हा प्रश्न पडला. मी तिला खुंटीवरचं जू दाखवलं. संस्कृतातल्या ‘युग’चं मराठीत झालं जू. ‘युगल’ म्हणजे जोडी, त्याचं झालं जुळं. जुळणं-जुळवणं त्याच घरातलं. नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला एकट्याला कधी जुंपत नाहीत, मुरलेल्या बैलाच्या शेजारी जुंपतात. पहिले दिवस जू तिरपं होतं, गोऱ्हा ओढतो, जुना बैल आपली चाल थोडी धीमी करतो. हळूहळू दोघांची पावलं एक होतात. म्हणजे जुळवून घ्यायला दोघं लागतात, आणि दोघंही थोडे बदलतात. नदीच्या काठाला बदलायला आपण सांगू शकत नाही. शेजारच्या बैलाला सांगू शकतो. ती म्हणाली, “आई आणि आजी जुळवून घेतात, तसं?” मी तिच्या आजीकडं बघितलं नाही.

बैलांपुढं कडबा टाकताना मी एक पान सोडवून तिच्या हातात दिलं. वाळल्यावरही ते सुरळीसारखं वळलेलं होतं. जवारीची ही कला बघण्यासारखी आहे. (पुस्तकात ज्वारी लिहितात, आमच्या तोंडी जवारीच.) रब्बीची जवारी पाऊस सरता सरता पेरतात. पुढं पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती तीन-चार महिने काढते. पानाच्या वरच्या अंगाला मोठ्या, फुगीर पेशींच्या ओळी असतात. ओल कमी पडली की त्या आधी मलूल होतात आणि पान आपोआप आत वळतं. वळलं की उन्हाला अंग कमी लागतं, वारा पानाच्या छिद्रांपर्यंत पोचत नाही. ताटावर पांढरट भुकटी असते, बोटाला लागते. ते मेण आहे, पाण्याची वाफ अडवणारं. ताण फारच वाढला तर जवारी वाढणंच थांबवते, जणू झोपी जाते, आणि एखादी सर आली की पुन्हा वाढायला लागते. गव्हाला हे इतकं साधत नाही. मूळची ती आफ्रिकेतली, तिथल्या कोरड्या माळांनी तिला हे दिलं. आपल्या बालाघाटाच्या पठारावर तिला तसंच ऊन मिळालं.

२०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. लेकरांना ते ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या टाक्यांतून शहराला पाणी पाजलं हे ऐकून दोघंही गप्प झाली. माणसाला निदान गाडी बोलावता येते. रानातल्या पिकाकडं जे आहे ते त्याच्या अंगातच असावं लागतं.

आणि ते रानसुद्धा बघण्यासारखं. मेमध्ये आमची काळी जमीन अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. नातू रोज जाऊन त्यात खडे टाकायचा आणि आवाज ऐकायचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची ही माती. तिच्यातली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात, आतली माती वर रेटली जाते. जमीन स्वतःला स्वतः नांगरते.

“म्हणजे मातीचंपण अनुकूलन?” नातीनं विचारलं.

“माती बदलते, पण मातीला लेकरं होतात का?”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “नाही. म्हणजे तिच्यात चाळणी नाही.” या उत्तरासाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

रात्री आम्ही माळवदावर झोपायचो. आमचं जुनं घर तसलंच आहे: जाड भिंती, लाकडी सरांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन भिंती पिऊन घेतात, आत पोचू देत नाहीत. नातू एका रात्री म्हणाला, “आबा, हे घर खरं अनुकूल आहे. एसी नको.”

तेव्हा मी त्यांना १९९३ सांगितलं. सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं, पण त्यांच्या मातीची गोष्ट आहे, त्यांना माहीत असली पाहिजे. अनंतचतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची लातूर-उस्मानाबादची गावं हादरली. हजारो माणसं गेली. भूकंपानं धक्का दिला, पण जीव घेतला तो घरांनी. दगड नुसत्या मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि डोक्यावर तो जाड मातीचा भार. जे घर चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाला शेकडो वर्षं पुरून उरलं होतं, ते त्या काही सेकंदांत उतरलं. आमच्या घराची भांडी त्या पहाटे मांडणीवरून खाली आली होती. बाकी आम्ही वाचलो.

नात बराच वेळ आकाशाकडं बघत पडली होती. मग तिनं विचारलं, “म्हणजे ते घर अनुकूल नव्हतं?”

“उन्हाला होतं, भूकंपाला नव्हतं. म्हणून हा शब्द कधी एकटा वापरायचा नाही, बाई. कशाला अनुकूल, हे विचारायचं. कुठली नदी, कुठला काठ?” त्या भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. पुढं बांधकामात सिमेंटचे पट्टे आले, छतं हलकी झाली. ती घरं उन्हाळ्यात तापतात, हेही खरं. दोन काठ एकदम धरायचे म्हणजे कसोटीच असते. आमच्या माळवदावरचा मातीचा थर मी नंतर निम्म्यानं उतरवला, आणि भिंतींना कोपऱ्यांत लोखंडानं बांधून घेतलं. नातवाला त्या पट्ट्या दाखवल्यावर तो त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिला.

जून उजाडला. दोघांना परत न्यायला मुलगा येणार होता आणि मला एकच धास्ती होती, की मिरगाचा पाऊस त्याच्या आत येतो की नाही. कारण मला त्यांना बेडूक दाखवायचा होता.

आला. आठ-नऊ जूनच्या सुमाराला दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर असा कोसळला की विहिरीकडच्या सखल रानात तळंच झालं. रात्री कंदील आणि बॅटरी घेऊन आम्ही तिघं बांधावर गेलो. आवाजानं कान बसायची वेळ. नातीनं बॅटरी मारली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. पाण्यात लिंबासारखे पिवळेधमक बेडूक, आणि ओरडताना गळ्याच्या दोन बाजूंना निळेभोर फुगे!

हा आपला मोठा बेडूक. वर्षभर शेवाळी-मातकट असतो. पावसाळ्यात नर काही काळापुरते असे पिवळे होतात आणि माद्यांना बोलावतात. आणि कालपर्यंत हे होते कुठं? नातू ज्या भेगांत खडे टाकत होता, तशाच भेगांत, बिळांत आणि विहिरीकडच्या मऊ चिखलाच्या खाली. बेडकाला कातडीनंही श्वास घ्यावा लागतो आणि त्यासाठी ती ओली राहावी लागते. मेच्या उन्हात तो बाहेर आला तर संपला. म्हणून तो खाली जाऊन निपचित पडतो. खाणं बंद, हालचाल नाही, श्वास आणि काळीज दोन्ही मंद. अंगातली चरबी थोडी थोडी जाळत तो महिनोन्‌महिने काढतो. पावसाची पहिली ओल खाली झिरपली की वर येतो आणि लगेच घाईला लागतो, कारण हे तळं उसनं आहे. ते आटायच्या आत अंडी, अंड्यांतून पिल्लं, पिल्लांना पाय, सगळं व्हायला हवं.

“आबा,” नातू कुजबुजला, “मी खडे टाकत होतो, एखाद्याला लागला असेल का?”

“नसेल. ते खूप खाली असतात.”

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा जाऊन भेगा बघून आला. त्या मिटायला लागल्या होत्या.

जुलैत पुण्याहून फोन आला. नातू म्हणाला, “आबा, इथं लई पाऊस पडायलाय. मला थंडी वाजायलीय.” मागून त्याची आई विचारत होती की हा असा का बोलतो. उन्हाची कमाई अंगातून उतरली होती आणि बोली मात्र जिभेवर तशीच होती. मग नातीनं फोन ओढून घेतला.

“आबा, कूल म्हणजे काठ, बरोबर. पण कुळ म्हणजे खानदान ना? संस्कृतात त्याला कुल म्हणतात. सर्ज्याच्या खानदानानं केलं असं तुम्ही म्हणाला होतात. मग हे दोन्ही कूल एकच आहेत का?”

“एकाचा उकार ऱ्हस्व, एकाचा दीर्घ,” मी म्हटलं. “फोन ठेवू नको,” आणि कोश काढायला कपाटाकडं गेलो.